सुषमाची जीप उघडली तेव्हा

सार्थकनं हातोडी मारली आणि हातोडी आत गेली.

लोखंडावर हातोडी बसली की ठण्ण आवाज येतो. इथं आवाजच आला नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारावी तसं काहीतरी झालं आणि हातोडीचं डोकं जीपच्या चासीत रुतून बसलं. चासी म्हणजे गाडीच्या पोटाखालचा लोखंडी सांगाडा. इंजिन, बॉडी, आत बसलेली माणसं, सगळं त्याच्यावर तोललेलं असतं. सार्थक हातोडीच्या दांड्याकडे बघत राहिला आणि आम्ही त्याच्याकडे. जिची ती जीप होती ती सुषमा हातातला चहाचा कप तसाच धरून म्हणाली, "काय झालं ओ?"



आधी सुषमा कोण ते सांगते. पवना धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरावर, महादेव कोळ्यांची एक वाडी आहे. तिथली ती. तिचा बाप बारकू गवताच्या गाड्या भरायला जायचा. भरलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून सुषमा लहानपणी तळेगावपर्यंत जायची आणि वाटभर ड्रायव्हरचे पाय बघायची. "हात समद्यांना दिसत्यात ताई," ती मला एकदा म्हणाली, "पाय कोन बगतं? गाडी पायानं चालती." लग्नानंतर ती लोहगडवाडीत एका टपरीवर गडावर येणाऱ्यांसाठी भाकऱ्या थापायला जात होती. टपरीवर माल टाकायला येणाऱ्या टेंपोवाल्याच्या मागं लागून ती गाडी शिकली. लायसन काढलं. मग आईचे दागिने, स्वतःची साठवण आणि नवऱ्याचा पगार असं सगळं एकत्र करून तिनं एक जुनी जीप घेतली. वाडीतल्या बायांनी जीपला हार घातला, पण पहिल्या दिवशी आत बसायला कुणी तयार होईना. शेवटी सुषमाची शेजारीण चिंगीमावशी पुढं झाली. "मी बसते. मेले तर माजी भाकरी वाचंल घरच्यांची," असं म्हणून ती पुढच्या सीटवर चढली आणि त्या दिवसापासून ती जागा तिचीच झाली. वाडीचा बाजार, दवाखाना, पोरींचं कॉलेज, सगळी ये-जा त्या जीपमधूनच सुरू झाली.

मी सविता. लोणावळ्याजवळ वलवणला धरणाच्या रस्त्याला माझी रोपवाटिका आहे. शेजारच्या बंगल्यावर सुषमाचा नवरा उमेश राखणीला असतो. एकदा त्याला डबा द्यायला ती आली होती, तेव्हा माझी जीप फाटकात उभी होती. ती खिडकीतून आत वाकली आणि बोट दाखवून म्हणाली, "ताई, ह्यो दुसरा दांडा कशाचा?"

मी सांगितलं, हा फोर बाय फोरचा. हा टाकला की चारी चाकं ओढतात, चिखल असो नाहीतर दगड असोत.

तिनं दांड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "माज्या जीपमदी त्या जागेला भोक हाय. मी त्यात ट्यूबचा तुकडा कोंबलाय. मला वाटलं पानी जायाला ठिवलंय."

तिची जीप मुळात चारी चाकांची होती. आधीच्या कुणीतरी पुढचा सगळा जोड काढून विकला होता आणि मागची दोनच चाकं ओढत होती. वाडीच्या शेवटच्या चढणीवर, जिला ते लोक निसरडी म्हणतात, पावसाळ्यात जीप चढायची नाही. सगळ्यांनी खाली उतरायचं, तांदळाची पोती, सिलेंडर, आजारी माणूस, सगळं पाठीवर घेऊन वर जायचं, असं चाललं होतं.

आमचा जीपवाल्यांचा एक ग्रुप आहे. लोणावळा, कामशेत, तळेगाव अशा बाजूंची आम्ही दहा-बारा माणसं रविवारी गाड्या घेऊन ओढ्यातून, रानातल्या वाटांनी फिरतो. घरचे आम्हाला वेडे म्हणतात. एका रविवारी मी सुषमाला सोबत नेलं आणि एका कोरड्या ओढ्यात माझी जीप तिच्या हातात दिली. तिनं ती गोट्यांवरून अशी हळूहळू नेली, जसं काही झोपलेलं पोर कडेवर आहे. वर पोचल्यावर खाली उतरली आणि हसायलाच लागली. तिचं हसू थांबेना. पदर तोंडाला लावून ती नुसती हलत होती. त्या दिवसापासून ती आमच्यातली झाली. ग्रुपवर ती कधी लिहायची नाही, बोललेलं पाठवायची, आणि त्यात अर्धा आवाज वाऱ्याचा असायचा.

तिची जीप पुन्हा चारी चाकांची करायची हे कामशेतच्या स्वराजनं मनावर घेतलं. त्याच्या घरची भाताची गिरणी आहे. गिरणीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमच्या निम्म्या गाड्यांची पोटं फाडली जातात. सुषमाची वाडी भात कांडायला त्याच गिरणीवर येते, म्हणून आमच्या ओळखीआधी तिनं जीप घेतली तेव्हाही स्वराजच तिच्याबरोबर गेला होता, लांबच्या एका जुन्या गाड्यांच्या यार्डात. जीपखाली आडवा होऊन बॅटरीच्या उजेडात त्यानं सगळं बघितलं होतं आणि म्हणाला होता, "ताई, डोळे झाकून घ्या." त्याच्या शब्दावर आमच्या ग्रुपमधल्या अनेकांनी गाड्या घेतल्या आहेत. मीसुद्धा.

पुढची चाकं ओढायला लागतो तो लोखंडी अ‍ॅक्सल सार्थककडे पडून होता. सार्थक तळेगावच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्या आईनं गॅलरीतल्या त्या अ‍ॅक्सलवर दोन उन्हाळे पापड वाळवले होते, त्यामुळं तो नेताना घरात थोडं भांडणही झालं. बाकीचे भाग कुणी कुठून, कुणी कुठून आणले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सगळे गिरणीवर जमलो. सुषमा वाडीतल्या लोकांना बाजारात सोडून तिथंच जीप घेऊन आली. उमेश दुपारच्या जेवणाचा झुणका-भाकरी घेऊन येणार होता. बोल्ट सोडवले, आम्ही आठ जणांनी "हां... उचल!" करत बॉडी वर घेतली आणि बाजूला ठेवली. उघडी चासी पाण्याच्या फवाऱ्यानं धुतली. सगळे मजेत होते. डाव्या बाजूला काळ्या रंगाचा जाड थर होता, तो सार्थक झाडायला बसला. बाकी सगळं गंजलेलं असताना इथंच रंग एवढा चांगला कसा, एवढंच त्याच्या मनात आलं होतं.

आणि हातोडी आत गेली.

त्यानं ती ओढून काढली. बोटांनी कडा उचकटली, तर रंगाबरोबर पांढरट ढेकळं निघाली. ती लांबी होती, गाडीच्या पत्र्याला पडलेले पोचे भरतात ती. लांबीच्या आत पत्र्याचा एक तुकडा नुसता ठेवलेला. त्याच्या आत काही नाही. लोखंड खालून वर फाटत गेलेलं. दोन्ही बाजूंनी फाटलेलं. फक्त वरची बोटभर पट्टी तेवढी अखंड होती.

"स्वराज," सार्थक हलक्या आवाजात म्हणाला, "हे बघ."

स्वराज वाकला. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता, मानेवरचे केस दिसत होते. 

"म्हंजे काय?" सुषमानं विचारलं. "कुनीतरी बोला की!"

सार्थकनं सांगितलं. त्याला गोड करून सांगता येत नाही. तो म्हणाला, "ताई, डाव्या अंगानं गाडीचा पुढचा भाग आणि मागचा भाग ह्या एवढ्या पट्टीवर जोडलेला होता. चढावर, वळणावर, एखाद्या खड्ड्यात ही तुटली असती, तर गाडी मधून दुमडली असती. कधीही."

सुषमानं कप जमिनीवर ठेवला. पुढं आली. त्या भोकात हात घातला. मनगटापर्यंत गेला.

"सकाळी चिंगीमावशी हुती," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, हिशेब सांगावा तसा. "तिची नात मांडीवर हुती. मागं अंबाजीआबा. सुताराची सून, तिला सातवा हाय. रूपा हुती, माजी लेक. खिंडीत मी ट्रकला वलांडलं..." ती थांबली. "ताई, मी गानं म्हनत हुते."

मग ती नळावर गेली आणि हात धुवायला लागली. धुतच राहिली. मी जाऊन नळ बंद केला तर तिनं पुन्हा सोडला. तेवढ्यात उमेश आला. भाकऱ्यांचं फडकं डोक्यावर, तोंडावर हसू. कुणी बोलत नाही हे बघून तो चासीजवळ गेला, सार्थकनं त्याला पुन्हा तेच सांगितलं. उमेशनं फडकं खाली उतरवलं नाही. तसाच डोक्यावर घेऊन तो मातीत बसला.

आम्ही वळलो तर स्वराज नव्हता. शेडबाहेर त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला आणि लांब गेला. फोन लावला, बंद. घरच्यांना काही माहीत नव्हतं. झुणका-भाकरी तशीच बांधलेली राहिली, आणि जसजशी दुपार उतरली तसतसा आम्हा सगळ्यांना धक्क्याच्या जागी राग यायला लागला. ज्याच्या शब्दावर तिनं आयुष्याची साठवण घातली, तो तोंड लपवून पळून गेला होता. "स्वराजभाऊ असं करंल असं वाटलं नव्हतं," एवढंच सुषमा म्हणाली.

संध्याकाळी सुषमा, उमेश, रूपा आणि बाजारात अडकलेली वाडीची माणसं, सगळ्यांना मी माझ्या जीपमधून वर नेलं. दोन खेपा केल्या. निसरडीच्या चढावर लो गिअर टाकला आणि मनात म्हटलं, नशीब, ही तरी धड आहे.

अंबाजीआबांच्या ओट्यावर वाडी जमली. मी म्हटलं होतं, उद्या सांग, आज तुझी अवस्था नाही. पण तिनं ऐकलं नाही. उभी राहिली आणि सगळं सांगितलं. हाताचा पंजा उघडून दाखवला, एवढं भोक, आणि बोट दाखवलं, एवढी पट्टी. "मला ठावं नव्हतं," ती म्हणाली. "पन चालवत मी हुते."

लोकांना कळायला वेळ लागत होता, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग चिंगीमावशी उठली. तिच्या कडेवर नात झोपलेली होती. ती सुषमासमोर गेली आणि मोकळ्या हातानं तिच्या दंडावर एक जोरात मारली. "चार वर्सं!" ती ओरडली. "चार वर्सं मी तुज्या शेजारी बसले! पोरीला घिऊन बसले!" नात दचकून उठली आणि रडायला लागली. चिंगीमावशीही रडायला लागली. पोरीला घट्ट धरून ती घरात गेली आणि आतून कडी लावली.

अंबाजीआबा ओट्याच्या कडेला बसले होते. ऐंशीच्या पुढचा माणूस. शेवटी म्हणाले, "आता दवाखान्यात कसं जायाचं?" त्यांना ते खरंच कळत नव्हतं. रागानं नाही विचारलं.

"मी स्टेरिंगला हात लावनार न्हाई," सुषमा म्हणाली. "दुसरं कोनी बगा."

त्या रात्रीपासून ती झोपेना असं उमेश सांगायचा. डोळा लागला की दचकून उठायची आणि रूपाच्या अंगाला हात लावून बघायची. दिवसा हातात दगड घेऊन सगळं ठोकून बघायची. पाण्याची टाकी, खाटेचे पाय, शाळेचा झेंड्याचा खांब. टपरीवर कामाला परत गेली तर तिथला पत्राही तिनं ठोकला. मालकीण हसली, पण सुषमा हसली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्वराज माझ्या रोपवाटिकेत आला. अंगावर तेच रविवारचे कपडे, दाढी वाढलेली, डोळे लाल. मी गुलाबांना पाणी घालत होते. पाईप टाकून मी तोंड सोडलं. जे मनात साठलं होतं ते सगळं बोलले. तो ऐकत राहिला. त्याच्या एका हातात जॅक होता, दुसऱ्या हातात हातोडी.

"बोलून झालं का ताई? गाडी बाहेर काढा."

"माझ्या गाडीला काय झालंय?"

"काढा."

तेव्हा मला कळलं तो कुठं होता. त्या यार्डातून त्याच्या शब्दावर ज्यानं ज्यानं गाडी घेतली होती, त्या प्रत्येकाच्या दारात तो गेला होता. लोकांनी शिव्या दिल्या तरी त्यानं गाड्या उचलून, आडवा होऊन, टोकापासून टोकापर्यंत ठोकून बघितल्या होत्या. सगळ्या ठीक निघाल्या होत्या. माझी शेवटची.

मी वैतागूनच गाडी काढली. म्हटलं, "स्वराज, मी रोज चालवते. कालपरवाच आईला घेऊन खोपोलीचा घाट उतरलेय. मला कळलं नसतं?"

तो खाली सरकला. ठण्. ठण्. ठण्. आवाज पुढं पुढं येत होता, मी मनात म्हणत होते, झालं, झालं. ठण्. ठण्.

थप्.

तो थांबला. मीही. शेजारच्या बंगल्यात कुणीतरी गालिचा झटकत होतं, तो आवाज मला अजून आठवतो. स्वराजनं पुन्हा एकदा मारलं. थप्. आणि ओल्या मातीसारखी पांढरी ढेकळं माझ्या पायाशी पडली.

डावी बाजू. तीच जागा. तोच काळा रंग.

 शेणखताचं पोतं होतं त्यावर बसले. मला आई दिसली, घाटात पट्टा टोचतो म्हणून तो सोडून बसलेली. मला निसरडी दिसली, मागं बसलेली वाडीची माणसं, पुढं सुषमा. ज्या जीपच्या धक्क्यानं बिचारी हादरली होती, तिच्यातून बाहेर काढून मी तिला दुसऱ्या तशाच जीपमध्ये घातलं होतं आणि वर मनात नशिबाचे आभार मानले होते.  स्वराज गाडीखालून बाहेर येत नव्हता. त्याचे बूट तेवढे दिसत होते आणि ते हलत होते. मग लक्षात आलं, तो रडतोय.

मी सुषमाला फोन केला. नीट सांगताही आलं नाही. ती दुधाच्या पिकअपमधून कामशेतपर्यंत आणि तिथून रेल्वेनं लोणावळ्याला आली. मला वाटलं होतं ती बघून कोसळेल. ती गाडीजवळ बसली, वाकली, हात घातला, काढला, पदराला पुसला. मग स्वराजकडे वळली.

"फोन का बंद ठिवला?"

"काय तोंडानं बोलू ताई?"

"मला वाटलं तुमी पळाला. त्या भोकापेक्षा त्ये जास्त लागलं मला. कळतंय का?" तिचा आवाज चढला. "मी वाडीपुढं उबी ऱ्हायले. तुमी माज्या शेजारी उबं ऱ्हायाला पायजे हुतं. हातोडी घिऊन नंतर फिरायचं हुतं."

स्वराजनं मान हलवली.  दुसऱ्या दिवशी तो वाडीत गेला. अंबाजीआबांच्या ओट्यावर उभा राहून त्यानं काय सांगितलं ते मला माहीत नाही. चिंगीमावशीनं त्याला पाणी दिलं नाही, एवढं उमेशकडून कळलं.

त्या यार्डावर आम्ही पाच जण गेलो. फाटकाला कुलूप होतं, आत गवत वाढलेलं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, दिवाळीनंतर माल उचलून गेले, कुठं ते माहीत नाही. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. ती अजून तशीच आहे.

मग दोन्ही जीपा गिरणीच्या शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. फाटकी बाजू कापून तिथं नवं लोखंड बसवायचं, तेही आमच्यासारख्या हौशी लोकांनी नाही, असं सार्थकनं बजावलं. त्याच्या कारखान्यातला एक पोक्त वेल्डर सुट्टीच्या दिवशी यायचा आणि आम्हाला पाच फुटांच्या आत येऊ द्यायचा नाही. आम्ही घासायचं, धुवायचं, उचलायचं. ग्रुपमधले जे कधी हात काळे करत नाहीत तेसुद्धा आले. एकानं स्वतःची जीप वाडीला दिली, तुमचं काम होईपर्यंत वापरा म्हणून, आणि उमेशचा चुलतभाऊ दत्ता ती चालवायला लागला. ती जीप वाडीत नेण्याआधी सुषमानं तिच्याखाली जाऊन तास घालवला. कुणी तिला घाई केली नाही.

काम एप्रिल ओलांडून गेलं. आरटीओच्या माणसानं दोन्ही गाड्या तपासून पास केल्या. सुषमाच्या जीपला पुढचा अ‍ॅक्सल बसला, दुसरा दांडा बसला. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात होते. सार्थकनं किल्ली तिच्या हातात दिली. ती सीटवर बसली, किल्ली लावली, आणि फिरवलीच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग उतरली, म्हणाली, "आज नगं."

त्यानंतर तीन रविवार ती आली आणि तसंच झालं. चौथ्या रविवारी मी शेजारी जाऊन बसले. काही बोलले नाही, कारण मीही माझ्या जीपमध्ये बसण्याआधी दर वेळी खाली वाकून बघायचे, आणि धीर कुठून देणार? आम्ही दोघी नुसत्या समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "ताई, तुमाला बी भ्या वाटतं?"

"लय," मी म्हटलं.

तिनं किल्ली फिरवली.

पावसाळ्यात निसरडीवर पाणी वाहायला लागलं आणि जीप चारी चाकांनी वर चढली. पण रिकामी. चढणीच्या पायथ्याशी सुषमा गाडी थांबवायची आणि सगळ्यांना उतरवायची. "वर या चालत. मी गाडी आनते." लोक चिखलातून चढायचे, गाडी त्यांच्या बाजूनं धडधडत जायची, वर पुन्हा सगळे बसायचे. आम्ही सगळ्यांनी समजावलं. सार्थकनं कागदावर आकृत्या काढल्या, चासी आधीपेक्षा किती मजबूत आहे ते दाखवलं. ती ऐकायची, मान हलवायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांना उतरवायची. स्वराज एकदा म्हणाला, "ताई, मग हे सगळं केलं कशाला?" ती म्हणाली, "तुमी केलं म्हनून गाडी वर जाती. मानसांचं माज्याच्यानं हुत न्हाई अजून."

उसनी जीप अजून वाडीतच होती आणि चिंगीमावशी त्या पावसाळ्यात दत्ताबरोबर तिच्यातूनच जायची. सुषमाच्या जीपकडे बघायचीसुद्धा नाही. गणपतीच्या आधी दत्तानं ती जीप परत केली, तेव्हा तिला पर्याय उरला नाही. नातीला घरी ठेवून, तोंड वाकडं करून ती बाजाराला आली आणि मागच्या सीटवर, दाराजवळ बसली. परत येताना मीही त्या गाडीत होते. सुषमाच्या घरी जायचं होतं. पायथ्याशी गाडी थांबली. सगळे उतरायला लागले.

चिंगीमावशी हलली नाही.

"मावशी, उतरा," सुषमा म्हणाली.

"मी न्हाई उतरनार. माजं गुडघं दुखत्यात."

"मावशी, पाया पडते. हितनं दोन मिंटाचा चढ हाय."

"तुला दोन मिंटाचा. मला अर्धा दिस लागंल." तिनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. "तू चालव. मी डोळं झाकते."

सुषमानं माझ्याकडे बघितलं.  बाकीचे लोक पावसात उभे होते. अंबाजीआबा छत्री धरून चालायला लागले. सुषमा बराच वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसली. मग तिनं दांडा ओढला, लो गिअर टाकला आणि जीप हलली. मी मागंच होते, उतरायचं राहूनच गेलं. चाकाखालून पाणी उडत होतं, एका जागी मागचं चाक घसरलं, पुढच्यानं धरलं.  आरशात सुषमाचा चेहरा दिसत होता, ओठ घट्ट मिटलेले.

वर सपाटीला गाडी थांबली. सुषमानं इंजिन बंद केलं. ती हात स्टेअरिंगवरून काढत नव्हती.

चिंगीमावशीचे डोळे मिटलेलेच होते. "झालं का?" तिनं विचारलं.

"झालं," सुषमा म्हणाली.

"मग दार उगड की. अडकतंय त्ये."

सुषमा उतरून मागं आली आणि तिला दार उघडून दिलं. चिंगीमावशी गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उतरली, पिशवी सांभाळत घराकडे गेली. मागं वळली नाही. खालून लोक एकेक करून वर येत होते, भिजलेले. अंबाजीआबा शेवटी आले. धापा टाकत जीपला टेकले आणि म्हणाले, "पुढच्या टायमाला मी बी बसतो बग. माजं गुडघं काय लोखंडाचं हायेत व्हय?"

सुषमा रडत होती की पावसानं भिजली होती ते मला कळलं नाही.